डोळ्याचं काही येत नाही, तरी रेटिनाच्या लॅबमध्ये पोस्टडॉकला यावं का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. पुण्यात यकृतातल्या लिपिडवरची, म्हणजे चरबीवरची, पीएच.डी. संपत आली आहे, अमेरिकेतून दोन ठिकाणी पोस्टडॉकला, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या नोकरीला, बोलावलंय. एक मोठ्या नावाची लॅब, दुसरी रेटिनातल्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या, कोलेस्टेरॉलवर काम करणारी छोटी. नवऱ्याची नोकरी पुण्यात. आणि शेवटी "ताई, डोळ्याचं मला काहीच येत नाही, तरी तिकडे वळू का?" मी मिरजेहून इकडे अमेरिकेत येऊन याच विषयात पडले त्याला अकरा वर्षं झाली. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: छोटी लॅब घे. पण दोन गोष्टी ईमेलवर लेखी ठरवून मगच घे. त्या कुठल्या, ते पुढे येतंच.

आधी विषय. यकृतवाल्यांना वाटतं, कोलेस्टेरॉलमध्ये आता नवीन काय उरलंय. रक्तातलं कोलेस्टेरॉल पेशीत ओढून घेणाऱ्या एलडीएल रिसेप्टरबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ मध्ये नोबेल मिळून गेलं, १९८७ पासून अमेरिकेत कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या मिळतात. डोळ्यात शिरलीस की हा भ्रम पहिल्या महिन्यात जाईल. मेंदू रक्तातलं कोलेस्टेरॉल जवळजवळ आत घेतच नाही, स्वतःपुरतं स्वतः बनवतो. रेटिना खरं तर मेंदूचाच तुकडा, पण तो दोन्ही करतो: स्वतः बनवतो आणि मागच्या पिगमेंट एपिथेलियममधून रक्तातलंही घेतो. हा एपिथेलियम म्हणजे पेशींचा एकच थर. फोटोरिसेप्टरच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या पेशींच्या, टोकांचा साधारण दहावा हिस्सा तो रोज गिळतो, त्यातही सगळ्यात जास्त सकाळी उजेड झाल्यावर. त्याच्या पेशी जन्मभर त्याच राहतात, नव्या येत नाहीत. आता विचार कर, सत्तर वर्षं रोज एवढी चरबी पचवायची, तर उरलंसुरलं टाकायचं कुठे? अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या क्रिस्टीन कर्सिओ यांनी मरणोत्तर दान केलेल्या डोळ्यांवर वर्षानुवर्षं काम केलं. वय वाढतं तसे या थरामागच्या ब्रुखच्या पटलात कोलेस्टेरॉलने भरलेले कण साचत जातात, हे त्या कामातून दिसलं. ड्रुसेन म्हणतात त्या पिवळट ठिपक्यांतही कोलेस्टेरॉल भरपूर असतं.

हे ठिपके ज्या आजारात दिसतात तोच माझ्या आजीला होता: मॅक्युलर डीजनरेशन, म्हातारपणी नजरेचा मधला भाग जाणं. समोर बसलेल्या माणसाशी बोलताना ती त्याच्या कानाकडे बघायची. आम्हाला वाटायचं तिचं लक्ष नाही. मधलं दिसत नव्हतं म्हणून ती कडेच्या नजरेने चेहरा शोधत होती, हे मला इकडे आल्यावर, तिच्यामागे सहा वर्षांनी कळलं. त्या दिवसापासून माझ्यापुरता हा विषय बदलायचा प्रश्नच उरला नाही.

तुला झोप लागू न देणारा एक प्रश्न देते. शरीरात चरबी वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं एक जनुक आहे, एपीओई. त्याचा ई-४ हा प्रकार अल्झायमरचा धोका वाढवतो. तोच प्रकार म्हाताऱ्या माणसातल्या मॅक्युलर डीजनरेशनचा धोका मात्र कमी करतो. मेंदू आणि त्याचाच तुकडा असलेला रेटिना, दोघांत एकच जनुक असं उलटं का वागतं? सर्वांना पटेल असं उत्तर अजून मिळालेलं नाही. लिपिड पक्कं येणारी माणसं इथे हवी आहेत ती यासाठीच.

म्हणून "डोळ्याचं येत नाही" ही भीती सोड. इरिना पिकुलेवा या संशोधिकेचं काम बघ. त्या मूळच्या सायटोक्रोम पी-४५० एन्झाइमवाल्या. आधी टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टनला होत्या, पुढे क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात नेत्रविज्ञान विभागात आल्या. मेंदूतलं कोलेस्टेरॉल बाहेर काढायला सीवायपी-४६-ए-१ हे एन्झाइम लागतं आणि त्याच्याच जोडीचं सीवायपी-२७-ए-१. या दोघांचा माग काढत त्या रेटिनापर्यंत पोचल्या. एचआयव्हीवरचं एफाव्हिरेंझ हे औषध अगदी थोड्या मात्रेत सीवायपी-४६-ए-१ चा वेग वाढवतं, हेही त्यांच्याच गटाने दाखवलं. पाया एन्झाइमचा होता, डोळा नंतर आला. तुझा पाया लिपिडचा आहे. तो सोडून डोळ्याची डॉक्टर व्हायला जाऊ नकोस.

आता त्या दोन गोष्टी. पहिली, स्टेरॉल (कोलेस्टेरॉल आणि त्याची भावंडं) मोजायचं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, तुझ्या हातात मिळेल का? बऱ्याच ठिकाणी नमुने दुसऱ्या विभागात पाठवतात आणि आकड्यांची फाइल परत येते. तसं असेल तर तू काहीच शिकणार नाहीस. कोलेस्टेरॉल हवेत आपोआप ऑक्सिडाइझ होतं, आणि त्यातून तयार होणारं सेव्हन-कीटोकोलेस्टेरॉल हे नेमकं रोगाची खूण म्हणून लोक मोजत असतात. नळीतली हवा घालवायला आर्गॉन वायू सोडला नाही, ऑक्सिडेशन रोखणारं बीएचटी घातलं नाही, नमुना टेबलावर तासभर राहिला, की तुझा रोग टेबलावरच तयार झाला. तुलनेसाठी ठरलेल्या मापात घालतात ते ड्यूटेरियमवालं (जड हायड्रोजनचं) स्टँडर्ड नमुना चिरडण्याआधी घालायचं की नंतर, यावरून आकडा बदलतो. ही समज लेख वाचून येत नाही.

दुसरी, लॅब सोडून जाताना कुठलं काम सोबत नेता येईल? स्वतःची लॅब काढशील तेव्हा हाच प्रश्न आडवा येतो. संकोच करू नकोस. चांगला बॉस सरळ उत्तर देतो. टाळाटाळ करणारा बॉस असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

आणखी एक विचारून ठेव: उंदरांची आरडी-८ या रेटिना बिघडवणाऱ्या म्युटेशनसाठी तपासणी झाली आहे का? माझ्या पहिल्या लॅबमध्ये जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या रेटिनात खालच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले. मी हरखून गेले, आठ महिने त्यावर घालवले. मग कळलं, उंदरांच्या मूळ वंशातच सीआरबी-१ जनुकाचं हे म्युटेशन होतं आणि ठिपके त्याचेच होते. प्रयोगशाळांना विकत मिळणाऱ्या ब्लॅक-६-एन या उंदरांच्या वंशात ते असतं, हे २०१२ मध्येच छापून आलं होतं. कोणी तपासलं नव्हतं, मीही नाही. साध्या पीसीआरचं काम, एका दुपारचं.

पैशांचं थोडक्यात. एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या प्रमाणानुसार नव्या पोस्टडॉकला २०२४ मध्ये वर्षाला ६१,००८ डॉलर होते. छोट्या गावात दोघांचं भागतं, बॉस्टनसारख्या शहरात ओढाताण होते. २०२५ पासून इथल्या सरकारी अनुदानांचा भरवसा कमी झालाय, तेव्हा लॅबची ग्रँट कुठल्या वर्षापर्यंत आहे हे विचार. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. एनआयएचची एफ-३२ ही पोस्टडॉक फेलोशिप परदेशी माणसाला मिळत नाही, पुढे स्वतःची लॅब काढायला मदत करणारी के-९९ ग्रँट मिळू शकते, पण पोस्टडॉकची पहिली चार वर्षं संपायच्या आत अर्ज जायला हवा. पहिल्या दिवसापासून ती तारीख डोक्यात असू दे.

व्हिसा जे-१ (संशोधकांच्या देवाणघेवाणीचा) घे. जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं, आणि नवऱ्याला जोडीदाराच्या जे-२ वर इथे आल्यावर कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा घेतलास तर जोडीदाराच्या एच-४ वर त्याला सहसा हे जमत नाही, तो घरी बसेल. परवाना यायला काही महिने लागतात, त्या काळाचे पैसे बाजूला ठेवा. जे-१ नंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याच्या अटीबद्दल तू घाबरून लिहिलंयस. मायदेशाला गरज असलेल्या कौशल्यांच्या यादीवरून ती अट लागते. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने त्या यादीतून भारताला वगळलं, त्यामुळे त्या कारणाने ती लागत नाही. पण फुलब्राइट किंवा दुसरे सरकारी पैसे घेतलेस तर लागते. व्हिसाच्या शिक्क्यावर काय लिहिलंय ते वाच.

परतायचंच असेल तर दार बंद नाही. हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, चेन्नईला शंकर नेत्रालय आहे, संशोधकांसाठी इंडिया अलायन्सच्या फेलोशिप आहेत, परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप आहे. तिथे रुग्ण भरपूर आहेत, पण त्यांच्या डोळ्यातलं स्टेरॉल नीट मोजणारे हात थोडे आहेत.

निघायला चार महिने आहेत ना? मग मटणाच्या दुकानातून दर रविवारी बकऱ्याचे दोन डोळे आण, ताजे, बर्फात. बुबुळाच्या कडेने बारीक कात्रीने गोल काप, भिंग काढ, मागची वाटी खारट पाण्यात बुडव. रेटिना ओल्या टिश्यूपेपरसारखा सुटून वर येईल, फक्त मधे ऑप्टिक नर्व्हपाशी अडकलेला राहील. खाली निळं-हिरवं चमकतं ते टॅपेटम, उजेड परतवणारा थर, माणसाला तो नसतो. रेटिना न फाडता चार पाकळ्यांत पसरता यायला मला वीस डोळे लागले होते. उंदराचा डोळा मिरीच्या दाण्याहून फार मोठा नसतो, तेव्हा हात आत्तापासून बसव.