कॅनन पीसाठी परवडणारी ५० एमएम: नावाआधी काच बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांचा कॅनन पी, म्हणजे जुना जपानी रेंजफाइंडर फिल्म कॅमेरा, तुमच्याकडे आलाय, पण नुसती बॉडी, लेन्स नाही. पंचवीस हजारांच्या आत रोजच्या वापराची ५० एमएम हवी आहे. तीन लेन्स तुम्ही हेरून ठेवल्यात: एक सोव्हिएत ज्युपिटर-८, एक जपानी विक्रेत्याकडची कॅनन ५०/१.८ (५० एमएम, एफ/१.८), जिच्या वर्णनात 'किंचित हेझ' (काचेवरची धुरकट झाक) लिहिलंय, आणि तिसरी सगळ्यांत स्वस्त, इंडस्टार-५०. यातली कोणती घ्यावी?

कॅनन ५०/१.८ घ्या, पण तुम्ही पाहिलेली ती नको. तीच लेन्स स्वच्छ काचेची शोधा. त्यासाठी दोन महिने थांबावं लागलं तरी थांबा.

एवढा आग्रह का, ते सांगतो. एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच पाहतो. काच धुरकट असली, फोकस हुकत असला, तर शटर दाबायच्या आधीच डोळ्याला काहीतरी खटकतं. रेंजफाइंडरमध्ये पाहायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी; फोकस खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून करायचा. लेन्सवर टोपण तसंच राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. म्हणजे लेन्समध्ये काय खोट आहे ते रोल धुऊन आल्याशिवाय कळत नाही. आज एक रोल, त्याचं धुणं आणि स्कॅन यांचा खर्च तुम्हाला ठाऊक आहेच. त्यामुळे रेंजफाइंडरची लेन्स घेताना सगळी पारख आधी करावी लागते. कंपनीचं नाव, 'बोके (धूसर झालेली पार्श्वभूमी) कसा येतो', 'रंग कसे येतात' हे सगळं त्यानंतर.

मी हे पैसे घालवून शिकलो. माझी पहिली जपानी लेन्स बाहेरून नव्यासारखी होती. शनिवार पेठेतल्या एका वाड्याच्या दिंडीदरवाजात आजी बसल्या होत्या, मागून अंगणातलं ऊन. फोटो आला तो राखाडी. दाराची काळी चौकट करडी झालेली, आणि अंगणातला उजेड आजींच्या खांद्यावरून दुधासारखा पसरलेला. मी धुणाऱ्याला दोष दिला आणि रोलची कंपनी बदलली. पुढचे दोन रोलही तसेच आले. मग एका रात्री लाइट गेले असताना मोबाइलचा टॉर्च लेन्सवर धरला आणि आतल्या काचेवर हिवाळ्यात खिडकीवर साचावी तशी वाफ दिसली. सावलीत, सूर्य पाठीशी ठेवून काढलेले त्याच रोलमधले फोटो बरे होते, म्हणून संशय लेन्सवर गेलाच नव्हता. हेझ उजेडाच्या विरुद्ध फोटो काढताना उघडा पडतो.

आता कॅनन ५०/१.८ कडे येतो. ही लेन्स पहिल्यांदा १९५१ मध्ये सेरेनार नावाने आली. हिरोशी इतो यांनी आखलेली, चार गटांत सहा भिंगं असलेली गाउस पद्धतीची रचना. त्या काळी अशा रचनेत पूर्ण उघड्या छिद्रावर (लेन्समधून उजेड आत येतो ते भोक) चित्रावर धुकं यायचं. ते इतोंनी बरंच आटोक्यात आणलं, आणि त्याचा फायदा आजही दिसतो. एफ/१.८ वर (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं) थोडा मऊपणा असतो, एफ/४ ला चित्र कडेपर्यंत खणखणीत येतं. पुढच्या वर्षांत बाहेरची घडण बदलत गेली. सुरुवातीच्या क्रोमच्या लेन्स जड आहेत, नंतरच्या काळ्या-क्रोम मिश्र लेन्स हलक्या. तुमच्या बॉडीला वयानेही आणि वजनानेही ही काळी शोभते. चित्रात फार फरक नाही, हातात मात्र आहे.

खोट एकच, पण ती मोठी. या लेन्समध्ये छिद्राच्या पात्यांमागच्या काचेवर हेझ धरतो. तो वेळेत साफ केला तर जातो. वर्षानुवर्षं तसाच राहिला तर काचेचा पृष्ठभागच खाल्ला जातो, मग पुसून काही उपयोग नाही. 'किंचित हेझ' या दोन शब्दांत या दोन्ही शक्यता बसतात आणि फोटोवरून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून ती लेन्स नको. लेन्स जपानहून येणार, वर कस्टम ड्युटी लागणार, परत पाठवायची तर भाडं तुमचंच.

जपानी विक्रेत्यांच्या वर्णनातले दोन शब्द लक्षात ठेवा: कुमोरी म्हणजे हेझ, आणि काबी म्हणजे बुरशी. इंग्रजी भाषांतर गोडगोड असतं, मूळ जपानी मजकुरात हे शब्द सहसा प्रामाणिकपणे आलेले असतात. 'एक्सलंट'पुढे किती अधिकची चिन्हं आहेत, ते मोजत बसू नका. विक्रेत्याकडे एकच फोटो मागा: छिद्र पूर्ण उघडं, पुढून टॉर्च, आणि मागच्या बाजूने थोडं तिरकं धरून काढलेला. तो द्यायला टाळाटाळ झाली तर पुढच्या विक्रेत्याकडे वळा.

मुंबईत बोरा बाजारात किंवा पुण्यात जुन्या बाजारात लेन्स हातात मिळाली तर पारख सोपी. टॉर्च सरळ धरू नका, तिरका धरा. सरळ उजेडात धूळही भयंकर दिसते आणि हेझ मात्र लपतो. दोन-चार धुळीचे कण सोडून द्या, त्यांनी काही बिघडत नाही. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडाही चालतो, उलट त्यामुळे भाव पाडता येतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. एकसारखी दुधाळ झाक दिसली तर हेझ. या दोन्हींसाठी खाली ठेवून द्या. पात्यांवर तेल दिसलं तर विचारात घ्या, कारण त्याच तेलाची वाफ पुढे काचेवर बसते. फोकसची रिंग शेवटपर्यंत फिरवून बघा. जुनं ग्रीस घट्ट झालेलं असेल तर एक मीटरच्या जवळ येताना हात अडखळतो.

ज्युपिटर-८ वाईट लेन्स नाही, हे आधी स्पष्ट करतो. युद्धापूर्वीच्या त्साइस झोनारची ती सोव्हिएत वारसदार आहे, ५० एमएम एफ/२, तीन गटांत सहा भिंगं. काचेला हवा लागणारे पृष्ठभाग कमी, म्हणून जुनी असूनही उजेडाविरुद्ध बरी टिकते. माणसांचे चेहरे तिच्यात फार सुंदर येतात. किंमतही कॅननच्या निम्म्याहून कमी.

अडचण मापाची आहे. लायका या जर्मन कॅमेरा कंपनीने आपल्या ५० एमएमसाठी रेंजफाइंडर जुळवताना खरी फोकल लांबी ५१.६ एमएम धरली, आणि जपानी स्क्रू माउंट (लेन्स आट्याने फिरवून बसवायचे) कॅमेरे त्याच मापाने चालतात. झोनारची परंपरा ५२.४ एमएमची. अनंतावर दोन्ही जुळतात. जसजसं जवळ यावं तसतसा फरक वाढतो. मी हिशेब करून पाहिला: एक मीटरवर तो सुमारे तीन सेंटिमीटर भरतो, आणि एफ/२ वर एक मीटरला सुस्पष्टतेची सगळी खोलीच साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. माझ्याकडच्या सोव्हिएत लेन्सने दिवाळीत आत्याचा फोटो काढला होता. फोकस डोळ्यांवर केला, आणि निगेटिव्हवर सुस्पष्ट आली ती कानातली कुडी, तिच्यातल्या मोत्यांसकट. डोळे मऊ. त्यात या लेन्स पुढे कुणीकुणी उघडून, आतल्या पातळ चकत्या इकडच्या तिकडे करून पुन्हा जोडलेल्या असतात. तेव्हा तुमच्या वाट्याला कोणती येईल सांगता येत नाही. एफ/५.६ च्या पुढे, दोन-तीन मीटरच्या पलीकडे काम असेल तर खुशाल घ्या. घरातल्या उजेडात माणसं टिपायची असतील तर तुमच्या बॉडीवर नको. झॉर्की किंवा फेड हा सोव्हिएत कॅमेरा असता तर याच लेन्ससाठी मी आग्रह धरला असता.

इंडस्टार-५० बद्दल मात्र ठाम नाही म्हणतो, आणि कारण लेन्सच्या दर्जाचं नाही. ही लेन्स दोन प्रकारांत बनली. एक रेंजफाइंडरसाठी, दुसरी झेनिट एसएलआरसाठी, आणि सुरुवातीच्या झेनिटचा आटाही ३९ एमएमचाच. तुम्ही पाठवलेल्या फोटोतली चकतीसारखी चपटी लेन्स झेनिटची आहे. ती तुमच्या बॉडीवर व्यवस्थित फिरून बसेल, आणि एकही फोटो फोकसमध्ये येणार नाही. झेनिटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत अंतर ४५.२ एमएम, तुमच्या कॅमेऱ्यात २८.८ एमएम. लेन्स सोळा एमएम जास्त आत जाते. खिडकीतून यातलं काहीच कळणार नाही. ओळखायची खूण अशी: लेन्स उलटी करून फोकसची रिंग फिरवा. रेंजफाइंडरच्या लेन्सला मागे एक धातूचं कडं असतं आणि ते पुढे-मागे होतं. कॅमेऱ्यातला छोटा दांडा त्यावरच टेकतो. असं कडं नसेल तर लेन्स तुमच्या कामाची नाही. एन्लार्जरच्या लेन्सही ३९ एमएम आट्याच्या असतात, त्यांना तर फोकसची रिंगच नसते. 'एम३९' (३९ एमएमचा आटा) एवढंच वाचून पैसे पाठवू नका.

रेंजफाइंडरची, स्वस्तातली सोव्हिएत लेन्स हवीच असेल तर इंडस्टार-६१ बघा, एफ/२.८. उन्हातल्या कामाला चोख आहे, पण जवळच्या फोकसची काळजी तिथेही घ्यावी लागेल.

इतर नावं भराभर. निक्कोर ५० एफ/२ स्क्रू माउंटमध्ये मिळाली आणि काच साफ असली तर डोळे झाकून घ्या. १९५० मध्ये कोरियाच्या युद्धात डेव्हिड डग्लस डंकन यांनी लायकावर निक्कोर लेन्स लावून फोटो काढले आणि जपानी काचेकडे जगाचं लक्ष गेलं. कॅनन ५०/१.४ उत्तम, पण तुमच्या आकड्यात स्वच्छ सापडणं कठीण. ५०/१.२ नको, ती खिडकीचा कोपरा अडवते आणि एवढ्या उथळ फोकससाठी तुमचा रेंजफाइंडर अपुरा पडतो. कॅनन पीचा पाया (रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर) ४१ एमएम आणि खिडकी एकास एक (दृश्य आहे त्याच आकाराचं दिसतं), म्हणजे परिणामी पायाही ४१. लायका एम३ चा ६२ च्या आसपास आहे. एफ/१.८ साठी तुमचा पुरेसा आहे. नव्या चिनी ५० एमएम किमतीला मोहात पाडतात, पण त्या बहुतेक एम माउंटच्या (लायका एम कॅमेऱ्यांची बैठक). एम माउंटची लेन्स तुमच्या स्क्रूच्या बॉडीवर बसत नाही. उलट मात्र होतं: आज घेतलेली स्क्रूची लेन्स उद्या एम बॉडी आली तर एक एमएम जाडीच्या रिंगवर तिच्यावर चालते.

३५ एमएमचा विचार डोक्यात असेल तर तूर्त बाजूला ठेवा. कॅनन पीच्या खिडकीत ३५, ५० आणि १०० च्या चौकटी एकाच वेळी दिसतात. चष्मा असेल तर ३५ ची चौकट पाहायला डोळा इकडेतिकडे फिरवावा लागतो. ५० ची निवांत दिसते.

लेन्स येईपर्यंत बॉडीचा रेंजफाइंडर तपासून घ्यायला कुणाच्या तरी लेन्सची अर्ध्या तासासाठी मदत घ्या. तुम्ही सिंहगड रोडला राहता म्हणालात. गच्चीवरून गडावरचा टीव्ही टॉवर दिसत असेल तर अनंतासाठी त्याहून चांगली खूण नाही. लेन्स अनंतावर लावा, खिडकीतल्या टॉवरच्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. त्या वर-खाली किंवा शेजारी-शेजारी राहिल्या तर आधी बॉडीची दुरुस्ती, मग लेन्सला दोष.

आपली लेन्स आली की रोल भरायच्या आधी एक काम करा. मागचं दार उघडून जिथे फिल्म टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर मॅट चिकटपट्टी ताणून लावा. शटरच्या पातळ पोलादी पडद्याला बोट लागू देऊ नका, लगेच चुण्या पडतात. शटर बी वर, केबल रिलीझने उघडं धरून ठेवा, छिद्र पूर्ण उघडं. टेबलावर शिंप्याची टेप तिरकी पसरा आणि खिडकीतून तिच्यावरच्या एका ठरावीक आकड्यावर फोकस करा. अंतर मीटरभर. मग चिकटपट्टीवर उमटलेलं उलटं चित्र भिंगातून पाहा: तोच आकडा सगळ्यांत ठळक दिसतो का? मागचा किंवा पुढचा दिसत असेल, तर किती ते लिहून ठेवा आणि विक्रेत्याची परतीची मुदत संपायच्या आत निर्णय घ्या. नंतर पट्टीचा चिकटपणा पट्ट्यांवर राहू देऊ नका.

आणि पावसाळा. मामांची चामड्याची केस असेल तर ती आठवण म्हणून जपा, पण लेन्स तिच्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि बुरशीला आयतं घर मिळतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. कपाटातल्या डांबरगोळ्यांजवळ काहीही ठेवू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे लेन्स वापरात ठेवणं आणि आठवड्यातून एकदा उजेडात काढणं.

या कॅननच्या फिल्टरचा आटा ४० एमएमचा, सहज न मिळणारा. ४० वरून ४०.५ ची रिंग लावली की ज्युपिटरवाल्यांचे फिल्टर बसतात. हूड, म्हणजे बाजूचा उजेड अडवणारं कडं, मात्र पहिल्याच दिवशी घ्या.

टॉर्च लावून काढलेले फोटो विक्रेत्याकडून आले की इथेच टाका, मी बघून सांगतो.