तीन गुणांचं गाणं

प्रश्न : ताई, माझा बारावीतला मुलगा युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेचे जुने कार्यक्रम यूट्यूबवर बघत असतो. तो म्हणतो, १९७४ साली पोर्तुगालचं गाणं तिथे शेवटून पहिलं आलं आणि त्याच महिन्यात त्याच गाण्याच्या इशाऱ्यावर लिस्बनमध्ये क्रांती झाली. माझ्या सासूबाई मूळच्या गोव्यातल्या पेडण्याच्या. त्यांना हे काही पटत नाही. खरं काय? आणि गाणं चांगलं होतं, तर गुण इतके कमी कसे?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : मुलगा बरोबर सांगतोय. मला हे गाणं मनापासून आवडतं, तेव्हा जरा लांबवर लिहिते.

गाणं ‘ई देपोइश दु आदेउश’, गायक पाउलो द कार्व्हाल्यो. युरोव्हिजनमध्ये नाव देशाचं लागतं, पण गाणं पाठवते तिथली प्रसारण संस्था. पोर्तुगालची आरटीपी त्यासाठी देशात स्पर्धा घेते. तिथे हे गाणं पहिलं आलं आणि ६ एप्रिलला इंग्लंडमधल्या ब्रायटनला पोहोचलं.

आता गुणांचं. त्या वर्षी सतरा देश होते. प्रत्येक देशाचे दहा परीक्षक, आणि प्रत्येकाकडे फक्त एक मत, तेही आपल्या सर्वांत आवडत्या गाण्याला. दुसऱ्या पसंतीला काहीच नाही. म्हणजे एखादं गाणं सगळ्यांना दोन नंबरचं वाटलं, तर त्याच्या पदरात शून्य! पहिल्या आलेल्या स्वीडनच्या ‘आबा’ या बँडलासुद्धा चोवीसच गुण होते. पोर्तुगालला तीन, आणि तेवढेच नॉर्वे, पश्चिम जर्मनी नि स्वित्झर्लंडला. चौघे मिळून शेवटचे. मी नौपाड्यात गाणं शिकवते, ठाण्यातल्या शाळांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणूनही जाते. सूर, ताल, शब्दोच्चार यांचे वेगवेगळे गुण मांडायला कागद मिळाला नाही, तर मी निकाल देत नाही. अशा एका मतावरून गाणं वाईट होतं असं मी तरी कधीच म्हणणार नाही.

क्रांतीचं सांगते. पोर्तुगालात तेव्हा कित्येक दशकांची हुकूमशाही होती, छापण्या-वाजवण्यावर सेन्सॉरची नजर होती. ती उलथवायला निघालेल्या लष्करी अधिकाऱ्यांना सगळ्या तुकड्यांना एकाच वेळी ऐकू जाईल अशी खूण हवी होती, आणि तिचा संशयही यायला नको होता. हे गाणं प्रेमभंगाचं. राजकारणाचा त्यात एक शब्द नाही. शिवाय नुकतंच युरोव्हिजनहून आलेलं, त्यामुळे रेडिओवर लागलं तर कोणाच्या भुवया उंचावणार? २४ एप्रिलला रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावर ते लागलं आणि अधिकारी तयारीला लागले. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या केंद्रावर झुझे आफोन्सूचं ‘ग्रांदोला, व्हिला मोरेना’ वाजलं. आता माघार नाही, हा त्याचा अर्थ. २५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत सरकार पडलं होतं. सैनिकांच्या बंदुकांच्या नळीत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोवली, ती छायाचित्रं तुमच्या मुलाने पाहिली असतीलच. गाण्यामुळे क्रांती झाली असं मात्र म्हणू नये. आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये तेरा वर्षं चाललेल्या युद्धांना ते सैन्य विटलेलं होतं.

सासूबाईंना एवढं जरूर सांगा. १९६१ साली गोवा मुक्त झाला, तरी लिस्बनच्या त्या राजवटीने तो भारताचा झाल्याचं कधी मान्य केलं नाही. मान्य केलं ते क्रांतीनंतर आलेल्या सरकारने, ३१ डिसेंबर १९७४च्या कराराने. पेडण्याच्या माणसाला हे गाणं परकं वाटायचं कारण नाही.

मुलासाठी आणखी एक. पोर्तुगालला पहिलं विजेतेपद थेट २०१७ साली कीव्हमध्ये मिळालं. साल्व्हादोर सोब्राल आपल्या बहिणीने, लुईझाने, रचलेलं गाणं पोर्तुगीजमध्येच, अगदी हळू आवाजात गायला. नाच नाही, रोषणाईचा भडिमार नाही. गुण ७५८. गुणांची पद्धत तोवर पार बदलली होती, त्यामुळे तीन आणि ७५८ची तुलना त्याला करू देऊ नका.

दोन्ही गाणी घरात एकत्र बसून ऐका, आधी १९७४चं. मोबाइलच्या स्पीकरवर नको. सुरुवातीला आवाज अगदी खाली आहे आणि मागून वाद्यमेळ हळूहळू चढतो, तो चढ नीट ऐकू यायला हवा.