तळघरात रेकॉर्डिंग: आधी गाद्या, मग माइक

भाऊ, तळघरात गाणी रेकॉर्ड करायची म्हणून महागडा कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा) सध्या घेऊच नका. उघड्या भिंतींच्या खोलीत तो कूलर, मोटारपंप, घुमारा सगळंच उचलतो. साधा डायनॅमिक माइक (मुख्यतः जवळचा आवाज घेणारा), दोन इनपुटचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी), कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन. सुरुवातीला एवढं भरपूर झालं.

अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, बाहेरचा आवाज त्यांनी अडत नाही. आपल्याकडे कापसाच्या जुन्या गाद्या घरोघरी असतात. घुमारा कमी करायला त्या बांबूच्या चौकटीला बांधून गाणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना उभ्या करा. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून बुरशी येते. शिवाय घरमालकाच्या भिंतीला खिळाही ठोकावा लागत नाही.

माइक तोंडापासून वीतभर, खंजिरी मात्र दोन हात लांब. लेव्हल, म्हणजे रेकॉर्ड होणाऱ्या आवाजाची पातळी, मीटरवर उणे १२ डीबीच्या (डेसिबल) आसपास. इंटरफेसचा लाल दिवा लागला की आवाज फाटला, ते रेकॉर्डिंग गेलंच. विजेची गुणगुण आली तर आधी अर्थिंग तपासून घ्या.