गरिबी लपवायची की सांगायची?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातली, यंदा अकरावी सायन्सला आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, मग इंग्लिश हायस्कूल, दहावीला 94 टक्के. बाबा खाणीवर ट्रक चालवायचे, 2018 ला खाणी बंद पडल्या तेव्हापासून मिळेल ते भाडं मारतात. आई संध्याकाळी रोस ऑम्लेटचा गाडा लावते, तिथे मी पण असते, त्यामुळे ना स्पर्धा ना क्लब ना काही. मला हार्वर्ड, एमआयटीला अर्ज करायचाय. एक कन्सल्टंट म्हणाला की घरची परिस्थिती फॉर्ममध्ये अजिबात दाखवू नको, पैसे मागितले की बाहेर, आणि प्रोफाइल बनवायचे दीड लाख सांगितले. गरीब मुलांना खरंच चान्स असतो का?

उत्तर: बाय, ते दीड लाख आधी घरातच ठेव. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच घोळ होतो. अमेरिकेतल्या बहुतेक युनिव्हर्सिट्या परदेशी मुलांच्या बाबतीत मदत मागितलीय की नाही ते बघूनच ठरवतात, तिथे पैसे मागणं नडतं. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट आणि 2022 पासून डार्टमथ अशा मोजक्या ठिकाणी प्रवेश ठरवताना ते बघतच नाहीत, आणि घेतलं की घरच्या उत्पन्नाला जेवढं झेपत नाही तेवढं सगळं तेच भरतात. हार्वर्डने तर 2025-26 पासून वर्षाला एक लाख डॉलरच्या आत कमाई असलेल्या घरांना फी, राहणं, जेवण सगळं माफ केलंय, तुझे बाबा त्यात कुठल्या कुठे बसतात. आणि मदत लपवून प्रवेश मिळाला तरी नंतर फी कुठून भरणार, बऱ्याच ठिकाणी परदेशी मुलांना मागाहून मदत मागताच येत नाही, आणि व्हिसाला पैशाचे कागद लागतातच.

आता चान्सचं. हार्वर्ड एकूण अर्जांतले शंभरातले चारेक घेतं, एमआयटीत परदेशी मुलांमधले दोनच्या आसपास. खूप कमी आहे, उगाच गोड बोलत नाही. श्रीमंतांना झुकतं माप आहे हेही खरं. 2023 मध्ये अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मुलांचाच हिशोब मांडला तर टॉपच्या बारा ठिकाणी सारख्या मार्कांवर सर्वांत श्रीमंत एक टक्क्यातली मुलं मध्यमवर्गीयांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात शिकायला पोचत होती. मुख्य कारणं तीन, आईबाप तिथेच शिकलेले, खेळाडू म्हणून भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना मिळणारे गुण. पहिली दोन तुझ्या हातात नाहीत (एमआयटी आईबापांचं बघत नाही, तेवढं बरंय).

तिसऱ्यात मात्र तू स्वतःला फुकट शून्य देतेयस. कॉमन अ‍ॅपच्या (अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांचा मिळून एकच ऑनलाइन अर्ज) फॉर्ममध्ये दहा कामं लिहायला जागा असते आणि तिथे घरची जबाबदारी हा वेगळा प्रकारच दिलाय, नोकरी-धंदाही. रोज संध्याकाळी गाडा, हिशोब, माल आणणं, लहान भावंडं असतील तर ती, हे सगळं किती तास ते सरळ लिही. रडगाणं नको, शोभिवंत शब्दही नकोत. वाचणाऱ्याला सत्तरी म्हणजे काय माहीत नसतं, म्हणून खाणी बंद झाल्या, घरात कॉलेजात गेलेलं कोण नाही (तसं असेल तर), हे दोन ओळीत सांगावं लागतं. आणि गणितात किंवा फिजिक्समध्ये वर्गाच्या पुढचं काहीतरी आत्तापासूनच कर, एमआयटीला तर सॅटसारखी प्रवेशपरीक्षा लागतेच, हार्वर्डनेही ती परत सुरू केलीय.

शिफारसपत्रात आपल्याकडचे सर ‘आज्ञाधारक आणि कष्टाळू’ लिहून मोकळे होतात, त्याचा काडीचा उपयोग नाही. एखादा प्रसंग लिहायला सांग. अर्जाची फी माफ करून मागता येते, काही ठिकाणी प्राचार्यांचं पत्र लागतं. अमेरिकन सरकारच्या एज्युकेशन यूएसएचा सल्ला फुकट असतो, मुंबईत त्यांचं सेंटर आहे, ऑनलाइनही बोलतात.

आणि जेईई सोडू नको, हे मी हट्टाने सांगते. एनआयटी गोव्यात आपल्या राज्याचा कोटा आहे, आयआयटीत घरचं उत्पन्न लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ, पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ. बाहेरचे अर्ज चार-पाचच कर.

लवकरवाल्या अर्जांची तारीख साधारण 1 नोव्हेंबर असते, नेहमीच्यांची 1 जानेवारीच्या आसपास. सरांना पुढच्या वर्षी गणेश चवथीच्या आधीच पत्राचं सांगून ठेव, नंतर सुट्ट्या, मग परीक्षा, आणि ते राहून जातं.