चौघांचे शेरे, पाऊच एकच

तुमचा पेच थोडक्यात असा: मसाल्याच्या पाऊचचं तुम्ही केलेलं डिझाइन मालकांना पसंत आहे, त्यांच्या मुलाला ते जुनाट वाटतं, सेल्समन म्हणतो नाव मोठं करा, छपाईवाला म्हणतो रंग कमी करा, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज कुणीतरी नवा शेरा टाकतं. मग ऐकायचं कुणाचं?

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' इथे चालत नाही. त्या जनांतला एक पैसे देणार आहे आणि दुसरा माल छापणार आहे. पण म्हणून सगळ्यांचं सारखंच ऐकायचं असंही नाही.

आधी अटी आणि मतं वेगळी करा. शाकाहारीचं हिरवं चिन्ह, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी परवाना क्रमांक, निव्वळ वजन, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क यांवर चर्चाच नको. त्यांची जागा पहिल्याच दिवशी अडवून ठेवा. छपाईवाल्याचं म्हणणंही बहुतेक वेळा अटीतच मोडतं. ग्रॅव्ह्युअरला, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने होणाऱ्या छपाईला, प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो, म्हणजे 'रंग कमी करा' हा खर्चाचा हिशेब आहे. तो मालकांसमोर ठेवा, निर्णय त्यांचा. आणि छपाईवाला म्हणाला की लाल बारकोड नको, तर मुकाट्याने काळा करा. दुकानातल्या नेहमीच्या स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, पांढऱ्यावरच्या लाल रेघा त्याला दिसतच नाहीत.

सेल्समनशी मात्र निवांत बोला. 'नाव मोठं करा' हा त्याने काढलेला तोडगा झाला. अडचण काय ते त्याने सांगितलेलंच नाही. 'कुठल्या दुकानात दिसत नाही? पाऊच ठेवलेला कसा असतो?' असं विचारा, जमलं तर त्याच्याबरोबर एक फेरी मारा. चिवड्याच्या एका पाकिटाच्या वेळी आम्हाला असंच कळलं. किराणा दुकानदार खोक्याचं तोंड फाडून ते खोकंच फळीवर ठेवायचा, पाकिटं आत उभी, आणि खालचा भाग खोक्याच्या कडेआड. नाव नेमकं तिथेच होतं. आकार होता तेवढाच ठेवून नाव वर नेलं, तक्रार बंद झाली. मोठं केलं असतं तर मोठं नाव झाकलं गेलं असतं, इतकंच.

राहता राहिले बाप-लेक. त्यांच्यात निरोप्या होऊ नका. सकाळी वडिलांचा फोन, संध्याकाळी मुलाचा, आणि रात्री तुम्ही दोघांना खूश करणारी तिसरीच फाइल बनवताय, हे काम कधीच संपत नाही. दोघांना एकत्र बसवा. फोनवरचं चित्र दाखवू नका. खऱ्या मापाची प्रिंट काढून भरलेल्या पाऊचवर चिकटवा आणि बाजारातल्या इतर पाऊचच्या रांगेत उभी करा. 'आवडलं का?' हा प्रश्न तर टाळाच. 'नेहमीच्या गिऱ्हाइकाला यात आपला मसाला ओळखू येईल का?' असं विचारा. मुलाच्या 'जुनाट'मागे बहुधा एखादीच गोष्ट निघते, अक्षरांचं वळण किंवा मागची नक्षी. तेवढी बदलायला वडील सहसा अडत नाहीत. अडलेच, तर भांडण घरचं आहे, त्यांचं त्यांना मिटवू द्या.

बैठकीत ठरलेलं त्याच दिवशी ग्रुपवर लिहून टाका: काय घेतलं, काय नाही आणि का. फायनल प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या शेवटच्या नमुन्यावर, सही एकाचीच, तीही सिलिंडर कोरायला जाण्याआधी. त्यानंतर येणारा शेरा कितीही चांगला असला तरी पुढच्या छपाईच्या यादीत जाईल, आणि त्याचे पैसे वेगळे, हे कोटेशनमध्येच लिहा.