कापड दुकानाचा फायर पंप : बोअर, विहीर की टाकी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावात कापड दुकानाची इमारत उभी राहतेय. खाली तळघरात गोडाऊन, मग तळमजला, वर चार मजले. सल्लागाराने २२८० लिटर प्रति मिनिट, ७० मीटर हेड (म्हणजे दाब, पाण्याच्या उंचीत मोजलेला; १० मीटर म्हणजे साधारण १ बार) असा पंप लिहून दिलाय. एक ठेकेदार म्हणतो, बोअरला पाणी चांगलं आहे, २५ एचपीचा सबमर्सिबल टाकून द्या. दुसरा म्हणतो, मागच्या विहिरीवर मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकत्र असलेला, जमिनीवर बसणारा) बसवू. आणि कोल्हापूरहून आलेला तिसरा म्हणतो, जनरेटर आहे तर डिझेल पंपाचा खर्च कशाला. यातला बरोबर कोण?

तिघंही नाहीत. सल्लागार मात्र बरोबर दिसतोय. त्याचा आकडा आला कुठून ते आधी समजून घ्या, म्हणजे बाकीच्यांशी वाद घालायला सोपं जाईल.

स्प्रिंकलर म्हणजे आगीच्या उष्णतेने फुटून पाणी सोडणारी छताजवळची तोटी; त्याचं भारतीय मानक आहे आयएस १५१०५. त्यात मध्यम धोक्याच्या वर्गाला (तुमचं दुकान यात धरलंय) दर चौरस मीटरवर मिनिटाला ५ लिटर पाणी, आणि एका वेळी ३६० चौरस मीटर भागातले स्प्रिंकलर फुटतील असं धरायचं. गुणाकार झाला १८०० लिटर. पण पंपाजवळच्या स्प्रिंकलरला दाब जास्त मिळतो, म्हणून ते ठरल्यापेक्षा जास्त पाणी सोडतात. त्यापोटी अंदाजे पाव हिस्सा वाढवला की २२५०. बाजारात फायर पंपाची ठरलेली मापं १६२०, २२८०, २८५० अशी आहेत, म्हणून २२८०. एक सावधगिरी घ्या. तळघरात कापडाच्या गाठी छताजवळपर्यंत रचणार असाल तर हा वर्ग लागू राहत नाही, गोदामाचा हिशेब वेगळा आणि पाणी बरंच जास्त लागतं. थप्पी किती उंच लावणार हे सल्लागाराला आत्ताच खरं सांगा. नकाशात एक आणि दिवाळीच्या सीझनला दुसरंच, असं आपल्याकडे सर्रास होतं.

आता ७० मीटर. नुसत्या स्प्रिंकलरला एवढं लागत नाही. नेहमीचा के-८० (१ बार दाबाला मिनिटाला ८० लिटर सोडणारा) स्प्रिंकलर १२ चौरस मीटर सांभाळत असेल तर त्याला मिनिटाला ६० लिटर हवेत, आणि त्यासाठी तोंडाशी अर्धा-पाऊण बार दाब पुरतो. पण हायड्रंटला (होज जोडायच्या तोटीला) सगळ्यात वरच्या, सगळ्यात लांबच्या टोकाला साडेतीन बार, म्हणजे ३५ मीटर हवेत. पंपापासून गच्चीपर्यंत २० मीटर चढ धरा, पाइप, बेंड, व्हॉल्व्हमधलं घर्षण १२ मीटर धरा. बेरीज ६७. वीज गेली की चालणारा डिझेल पंप हायड्रंट आणि स्प्रिंकलर दोघांनाही सामाईक असतो, म्हणून सगळे ७० चे. कुणी 'सेफ्टीसाठी' १०५ मीटरचा पंप सुचवला तर घेऊ नका. जास्तीचा दाब पाइपजोडांवर आणि होज धरणाऱ्या माणसाच्या हातावर येतो.

बोअरचं एका आकड्यात संपवतो. आपल्याकडे 'दोन इंची पाणी लागलं' म्हणतात ते व्ही-नॉचवर (व्ही आकाराच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवर) मोजलं तर मिनिटाला जेमतेम ५० लिटर भरतं. तुम्हाला हवेत २२८०. बोअर टाकी भरायला ठेवा, पुढे त्याचं नाव काढू नका.

विहिरीवर मात्र जरा बोलावं लागेल, कारण बेळगावात हा मोह मोठा आहे. जुन्या वाड्यात, बोळात, कारखान्याच्या मागे कुठेही विहीर सापडते. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तर १९२४ च्या अधिवेशनासाठीच खोदलेली. पाणी आहे, मग वापरायला काय झालं, असं वाटणं साहजिक आहे. अडचण पाण्याची नाही, ओढण्याची आहे. पंप पाणी वर ओढत नाही, हवेचा दाब ते खालून ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब १०.३ मीटर पाण्याइतका असतो. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर, इथे तो साडेनऊ मीटरच्या आतबाहेर भरतो. त्यातून पंपाची स्वतःची गरज, ज्याला एनपीएसएच म्हणतात, ती दीडपट प्रवाहाला (फायर पंपाला तेवढंही देता यावं लागतं, पुढे येईल) चार-पाच मीटर सहज जाते. सक्शन (पाणी ओढणारा) पाइप आणि त्याच्या तळाशी पाणी धरून ठेवणारा फूट व्हॉल्व्ह यांचं घर्षण वजा करा. हातात राहतात तीन-चार मीटर. मे महिन्यात तुमच्या विहिरीचं पाणी किती खाली जातं? दोरी सोडून बघा. दहा मीटर खाली असेल तर कुठल्याही कंपनीचा मोनोब्लॉक किंवा आडवा पंप ते उचलणार नाही. शिवाय फूट व्हॉल्व्हमध्ये एक काडी अडकली की सक्शन रिकामं, आणि पंप कोरडाच फिरत राहतो. विहीर वापरायचीच असेल तर व्हर्टिकल टर्बाइन पंप लागतो, ज्याचे इम्पेलर (पाणी फेकणारी चाकं) पाण्यात बुडालेले असतात. तो महाग, त्याची देखभाल महाग, आणि विहीर तासभर २२८० लिटर देते का हे उन्हाळ्यात पंप लावून सिद्ध करावं लागतं. तुमच्या मापाच्या इमारतीला ते परवडणारं नाही असं माझं मत.

म्हणजे टाकी. २२८० गुणिले ६० मिनिटं, १ लाख ३६ हजार ८०० लिटर. मंजूर नकाशावर जो आकडा आहे तो बघा आणि त्यापेक्षा कमी बांधू नका. हा साठा वापरता आला पाहिजे. सक्शन पाइपच्या तोंडाखालचं आणि भोवरा पडेल त्या पातळीखालचं पाणी धरायचं नाही. टाकीचे दोन कप्पे करा, म्हणजे एक साफ करताना दुसरा भरलेला राहील. आणि पाणी आधी फायर टाकीत येऊन तिथून ओसंडून घरगुती वापराच्या टाकीत जाऊ द्या. पाणी फिरतं राहतं, शेवाळ धरत नाही. नळाला रोज पाणी येत नाही हे आपण सगळे जाणतो, त्यामुळे दुकानातले लोक फायर टाकीवर हात मारणारच. या रचनेत तो हात पोचत नाही.

पंपाचं केसिंग (बाहेरचं कवच) टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली ठेवा, पाणी आपणहून पंपात भरलेलं असलं पाहिजे. सक्शन लाइन २०० एमएम घ्या. १५० मध्ये २२८० लिटरला वेग सेकंदाला २.१ मीटरवर जातो, २०० मध्ये १.२ वर राहतो. पंपाच्या तोंडाशी माप कमी करताना एक्सेंट्रिक रिड्यूसर (एका बाजूने सपाट असलेला निमुळता जोड), सपाट बाजू वर. उलटा बसवला की वर हवेचा फुगा साचतो. सक्शनवर गेट व्हॉल्व्ह लावा, बटरफ्लाय नको. पंपाच्या तोंडाला चिकटून बेंड देऊ नका. मागे पाइपच्या व्यासाच्या दहापट सरळ लांबी मिळाली तर उत्तम. जागा नसते हे मान्य, पण खोली आखतानाच हे सांगितलं तर मिळते. प्लंबरला शेवटी सांगाल तर तो 'बसतंय की' म्हणून मोकळा होईल.

पंप निवडताना एचपी विचारू नका, कर्व्ह (किती प्रवाहाला किती हेड मिळतं तो आलेख) मागा. फायर पंपाची ओळख तीन बिंदूंत आहे: व्हॉल्व्ह बंद असताना हेड ठरलेल्याच्या १२० टक्क्यांच्या वर जाता कामा नये (आडव्या पंपाला), १०० टक्के प्रवाहाला पूर्ण हेड, आणि दीडपट प्रवाहाला निदान ६५ टक्के हेड. तुमच्या बाबतीत बंद व्हॉल्व्हला ८४ मीटरच्या आत, २२८० ला ७०, ३४२० ला ४५.५ पेक्षा कमी नाही. शेतीचा किंवा सोसायटीच्या टाकीचा पंप तिसऱ्या बिंदूवर कोसळतो. मोटर ४५ किलोवॅट तरी लागेल, दीडपट प्रवाहालाही ती ओव्हरलोड होत नाही हे कर्व्हवरच तपासा. काठावर असेल तर ५५ घ्या.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फिरलात तर कास्टिंगपासून शाफ्टपर्यंत काय हवं ते बनवून मिळतं, आणि आपल्या फाउंड्रीवाल्यांच्या हाताला तोड नाही. पण फायर पंपाचा सेट जोडून-जाडून घेऊ नका. पंप, मोटर, इंजिन, पॅनेल एकाच जबाबदारीखाली, टेस्ट सर्टिफिकेटसकट घ्या. सर्व्हिसला माणूस जवळचा असावा एवढं मात्र बघा. बेळगावला त्याची चिंता कमी. किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सुरुवात इथल्याच सायकल दुकानातून केली आणि १९१० मध्ये सांगलीकडे कुंडलला कारखाना नेला, तेव्हापासून हा सगळा पट्टा पंपवाल्यांचाच आहे.

जनरेटर आणि डिझेल पंप. आग लागली की पहिला माणूस पळतो तो मेन स्विच पाडायला, आणि ते योग्यच आहे. त्यात पंपाचा फीडरही पडला तर करोडोची यंत्रणा ठप्प. म्हणून पंपाची वीज मेन ब्रेकरच्या आधीच वेगळी काढायची. स्वतंत्र केबल, स्वतंत्र स्विच, त्यावर कन्नड आणि मराठी दोन्हीत लाल अक्षरात 'फायर पंप, बंद करू नये'. केबल आग सहन करणारी घ्या आणि ती गोडाऊनमधून नेऊ नका. पंपाच्या पॅनेलमध्ये ओव्हरलोड रिलेने मोटर बंद पडेल अशी व्यवस्था नको. या एकाच मोटरच्या बाबतीत ती जळाली तरी चालेल, थांबली तर नाही. हेस्कॉमचा (इथल्या वीज कंपनीचा) फीडर पावसाळ्यात कसा वागतो ते मी सांगायला नको. जनरेटर तुम्ही लिफ्ट आणि दिव्यांच्या मापाने घेतलाय. ४५ किलोवॅटची मोटर थेट सुरू केली तर क्षणभर सहापट करंट मागते, स्टार-डेल्टा स्टार्टरने कमी होतो तरी दोन-अडीचपट असतोच, त्या झटक्यात जनरेटर बंद पडतो. आणि मंजूर नकाशात डिझेल पंप दाखवला असेल तर तो ठेवावाच लागणार, हा वाद ठेकेदाराशी घालायचाच नाही.

इंजिन निवडतानाही उंची आडवी येते. फायर पंपाच्या अमेरिकन मानकाचा, एनएफपीए २० चा नियम: ३०० फुटांच्या वर दर हजार फुटांना ३ टक्के आणि २५ अंश सेल्सिअसच्या वर दर साडेपाच अंशांना १ टक्का ताकद वजा. आपले साधारण २४६० फूट, म्हणजे साडेसहा टक्के. एप्रिलमध्ये बंद पंपरूम ४० अंशांवर गेली तर आणखी पावणेतीन. ६० एचपी लिहिलेलं इंजिन इथे ५४-५५ देतं. निपाणीत किंवा चिकोडीत उंची थोडी कमी पण ऊन जास्त, फरक फार पडत नाही. कोटेशन मागताना 'साइटवरची ताकद' लिहून मागा. बॅटरीचे दोन स्वतंत्र सेट, एक्झॉस्टचा पाइप इमारतीबाहेर, हवा आत यायला मोठी जाळी. बंद तळघरात डिझेल इंजिन गुदमरतं, आणि तिथला माणूसही.

जॉकी पंप मिनिटाला १८० लिटरचा छोटा, पाइपातली बारीक गळती भरून काढायला. दाबाचे टप्पे वेगळे ठेवा: जॉकी ७ बारवर थांबतो, ६.५ ला सुरू. मुख्य पंप ५.५ ला; डिझेल ४.५ ला. हे उदाहरण आहे, आकडे तुमच्या इमारतीप्रमाणे बदलतील. मुख्य पंप आणि डिझेल आपोआप सुरू व्हावेत, पण बंद फक्त माणसाने करावेत. जॉकी दर पाच मिनिटांनी घुरघुरत असेल तर कुठेतरी गळतंय. मोठा जॉकी घेणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

पंपरूम तळघरातच असेल तर पाया फूटभर उंच घ्या आणि कोपऱ्यात सांडपाण्याचा पंप ठेवा. ऑगस्ट २०१९ च्या पुरात जिल्ह्यात काय झालं ते डोळ्यासमोर आहे. पाइपचं वजन पंपाच्या फ्लॅंजवर टाकू नका, त्याला स्वतःचे आधार द्या. कपलिंगची अलाइनमेंट (पंप आणि मोटरचे शाफ्ट एका रेषेत आहेत का) पाइप जोडून झाल्यावर पुन्हा तपासून घ्या, कारखान्यात केली होती म्हणून सोडू नका. आणि टेस्ट लाइन! डिस्चार्जवरून फ्लो मीटरसह पाइप परत टाकीत. खर्च वाचवायचा म्हटलं की ठेकेदार पहिल्यांदा हीच कापतात, आणि मग वर सांगितलेले तीन बिंदू मोजायला मार्गच उरत नाही.

कोल्हापूरच्या ठेकेदाराकडून काम करून घ्यायला हरकत नाही, चांगले लोक आहेत. फक्त तो 'फॉर्म ए, फॉर्म बी मी देतो, काळजी नको' म्हणाला तर लक्षात ठेवा, ते महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याचे कागद आहेत. निपाणीच्या अलीकडे त्यांना किंमत नाही. इथे एनओसी कर्नाटक राज्य अग्निशमन खात्याची, अर्ज त्यांच्या नमुन्यात, तपासणी त्यांच्या अधिकाऱ्याची. पंप ऑर्डर करण्याआधी मंजूर नकाशा आणि पंपाचा कर्व्ह घेऊन एकदा त्यांना भेटून या.

शेवटचा हप्ता तीन बिंदूंची चाचणी तुमच्यासमोर झाल्यावरच द्या, आणि ती चाचणी मेन स्विच पाडूनही एकदा करा. नंतर डिझेल पंप आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवायचा, हे वॉचमनच्या कामात लिहून टाका. तारीख, दाब, बॅटरीचं व्होल्टेज आणि टाकीतलं डिझेल अशी वही पंपरूममध्येच लटकवा. विहिरीची मेमधली पातळी आणि ठेकेदाराने दिलेला कर्व्ह इथे टाका, बघून सांगतो.