घड्याळ लावून कविता
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : शाळेत दर शनिवारी दहा मिनिटांत कविता लिहायचा खेळ घेते. विषय दिला की मुलं निम्मा वेळ पेन चावत बसतात आणि शेवटी ‘आई थोर, आई देव’ असं काहीतरी उरकतात. काय बदलू?
– एक शिक्षिका, यावल

उत्तर : मुलांची अडचण वेळेची नाही, विषय फार मोठा असण्याची आहे. पहिल्या मिनिटातच विषयाची एक वस्तू करायला लावा. यावलच्या मुलांना केळीची बाग रोजची. घड दिला की ती केळ संपते आणि तिच्या बुडाशी आलेलं पील पुढे वाढतं. पिलबाग, म्हणजे त्या पिलांवर घेतलेलं पुढचं पीक, त्यावरच चालते. ‘आई’ या विषयाला एवढं पुरे.

दुसऱ्या मिनिटाला नुसते शब्द लिहायचे : घड, कोयता, चीक, पील, पान. वाक्य नको. तिसऱ्या मिनिटाला शेवटची ओळ लिहायची, पहिली नव्हे. समजा ती ‘पानं दोन नवी नवी’ अशी आली. लगेच समासात यमकं मांडा : रवी, कवी, हवी, आडवी. पहिली दोन हजारदा वापरून झालीत, ‘हवी’ काहीच दाखवत नाही, ‘आडवी’त मात्र कापलेली केळ दिसते. आता पाच मिनिटांत वरच्या तीन ओळी :

घड उतरून झाला
केळ पडली आडवी
तिच्या पायाशी पिलाची
पानं दोन नवी नवी

‘आई’ हा शब्द कुठेच नाही, आणि तो घालूही नका. ही अष्टाक्षरी आहे, म्हणजे ओळीत आठ अक्षरं. जोडाक्षर एकच धरायचं (‘तिच्या’ची दोन), अनुस्वार वेगळा मोजायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची काळजी नाही. चार बोटांवर दोनदा मोजलं की ओळ पुरी. उरलेली दोन मिनिटं मोठ्यानं वाचण्यासाठी राखा. नववं अक्षर डोळ्याला चुकवतं, जिभेला अडतं.

दोन चुका हमखास होतात. एक, ओळी ‘जाते, येते, गाते’ अशा क्रियापदांवर संपतात. यमक फुकट मिळतं म्हणून ते ऐकूही येत नाही. ओळ नामावर किंवा विशेषणावर संपवायला सांगा. दुसरी, ओढूनताणून आणलेला शब्द चौथ्या ओळीत जातो. तो दुसऱ्या ओळीत खपतो, शेवटी उघडा पडतो. म्हणूनच शेवट आधी लिहायचा. खोडरबर बंद करा. एक रेघ मारून पुढे जायचं.

आणि घड्याळ काढू नका. निवांत बसलेला मुलगा ‘चीक’ किंवा ‘पील’ हे शब्द कवितेत घेतच नाही, त्याला ते कवितेचे वाटत नाहीत. वेळ थोडा असला की तोंडातला शब्द थेट कागदावर येतो, आणि आपल्या घरचा शब्द कवितेत चपखल बसलेला पाहून मुलाचा चेहरा जो खुलतो, त्यासाठीच हा खेळ खेळायचा.

प्रश्न : श्रोत्यांनी दिलेल्या शब्दावर उभ्या उभ्या कविता कशी करतात? ती दैवी देणगीच ना?
– एक वाचक, धुळे

उत्तर : देणगीपेक्षा कानाची तयारी मोठी. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांनी आयत्या वेळी रचलेली कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ म्हटलं, तेव्हा ते विशीतही पोचले नव्हते. अशा वेळी चाल आधीच अंगात मुरलेली असावी लागते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावर म्हटली जाणारी गाणी ऐका : ओळीचा साचा तोच, आत कधी भाऊ बदलतो, कधी गाव. शाहिराची ओळ झीलकरी, म्हणजे मागे साथीला गाणारे, उचलून धरतात, तेवढ्यात त्याला पुढची जुळवायला सवड मिळते. तुम्ही एकटे असाल तर पहिली ओळ दोनदा म्हणा, सावकाश. श्रोत्यांना ती रीतच वाटते आणि तुम्हाला पाच-सहा सेकंद मिळतात. दिलेला शब्द पहिल्याच ओळीत खर्चू नका, शेवटाला ठेवा. सगळे त्याचीच वाट पाहत असतात.

घरी सराव करताना महिनाभर दहा मिनिटं, मग सात, मग पाच. एकदम दोनवर उतरलात तर पाठ झालेल्या ओळीच बाहेर येतील.

प्रश्न : अहिराणीत झटपट लिहिलेलं चालेल का? बहिणाबाईंनी तसंच केलं होतं.
– एक महाविद्यालयीन वाचक, अमळनेर

उत्तर : जरूर लिहा. बहिणाबाईंची बोली मात्र अहिराणी नव्हे, लेवा गणबोली. त्या जात्यावर, शेतात काम करताना रचत. लिहून घेतलं ते इतरांनी. अहिराणीत ‘करस, जास, येस’ ही यमकं पायाशी पडलेली असतात, ती टाळा. घाईत अर्ध्या वाटेवर प्रमाण मराठी घुसते. पहिल्या ओळीत ‘माले’ म्हटलं तर चौथीत ‘मला’ नको.

प्रश्न : नंतर दुरुस्ती करावी का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : करा, पण दुसऱ्या दिवशी, आणि दोन शब्दांपुरती. मूळ कागदावर तारीख आणि लागलेली मिनिटं लिहून तो वेगळा ठेवा.